सोन्याची कुऱ्हाड

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बोईसरमध्ये संध्याकाळपासून दोनदा लाईट जाऊन आलेली आणि रात्री साडेनऊला मी इन्व्हर्टरच्या भरवशावर रिलीज करत बसलेलो. माझी पाच वर्षांची भाची शेजारी येऊन उभी राहिली.

"मामा, तुझ्या लॅपटॉपच्या चार्जरवर मी पाणी सांडलं."

एवढं बोलून तिने हात पुढे केला.

मी ओरडलो. इतका, की आई कणकेचे हात घेऊन बाहेर आली. भाची रडली नाही. हात मागे घेत तिने फक्त विचारलं, "मग सोन्याचं कुठाय?"

मला अर्थ लागायला दोन दिवस लागले. आदल्या आठवड्यात मी तिला लाकूडतोड्याची गोष्ट सांगितली होती. नदीत कुऱ्हाड पडते, देवी सोन्याची दाखवते, तो म्हणतो ही माझी नाही, आणि खरं बोलल्याबद्दल त्याला सगळ्या कुऱ्हाडी मिळतात. मूळ गोष्ट इसापाची, तिथे देवीच्या जागी हर्मिस हा ग्रीक देव आहे. ताई तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जाते, त्यामुळे आठवड्यातल्या तीन रात्री गोष्टीची ड्यूटी माझी. मी ती कोडसारखीच सांगायचो. खरं बोललं तर बक्षीस, खोटं बोललं तर शिक्षा. इफ, एल्स, झोप आता. पोरीने तो कोड जसाच्या तसा रन केला, आउटपुट वेगळं आलं. बग तिच्यात नव्हता.

हे मी ऑफिसमध्ये किस्सा म्हणून सांगितलं. सगळे हसले, मीही हसलो.

दोन आठवड्यांनी ताईला तिला आंघोळ घालताना मनगटाच्या वर फोड दिसला, रुपयाच्या नाण्याएवढा. शर्टाला इस्त्री करून, ती जमिनीवरच गरम ठेवून मी मीटिंगला बसलो होतो. तिचा हात लागला. दीड दिवस ती पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून फिरली आणि घरात कुणाला कळलं नाही. ताईने विचारलं, सांगितलं का नाहीस? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा कॉलवर होता."

डॉक्टरांनी मलम दिलं, फोड बरा झाला. डाग अजून आहे.

आमच्या पालघर जिल्ह्यात राहून मला हे इतक्या उशिरा कळावं, याची लाज वाटते. डहाणूच्या पुढे बोर्डीला 1945 साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांच्या कामात आल्या. 1957 मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, तर या बायकांनी मुलांना नावं ठेवली नाहीत. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली, ती कुरणशाळा. आम्ही शाळेच्या सहलीला कोसबाडला गेलो होतो. मला आठवतात फक्त डब्यातल्या पुऱ्या.

ताराबाई ज्यांच्याबरोबर आधी भावनगरला काम करत होत्या, त्या गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' मी त्यानंतर वाचलं. लोकलमध्ये, बोईसर ते अंधेरी, दोन दिवसांत. त्यातला मास्तर पहिल्या दिवशी वर्गाला शांत बसवायला जातो आणि पार फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो आणि पोरं आपोआप जवळ सरकतात. मला ती 'जवळ सरकतात' एवढीच गोष्ट पुरली. माझ्याकडे उलट झालं होतं. गोष्ट सांगून मी तिला जवळ बोलावलं आणि ती आल्यावर ओरडलो.

परीकथांमधल्या शिक्षा तशा भयंकरच असतात. ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलात शेवटी पक्षी सावत्र बहिणींचे डोळे फोडतात. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, 1697 च्या पेरोच्या फ्रेंच आवृत्तीत सिंड्रेला त्यांना माफ करून चांगली स्थळं बघून देते. गोष्ट तीच, पण सांगणारा शेवट बदलतो. भाचीला मी दोन्ही शेवट सांगितले. तिला डोळे फोडणारा जास्त आवडला. पोरं काही आपल्याला वाटतात तेवढी गोड नसतात.

चार्जरबद्दल मी तिला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "बरं." आणि कार्टून बघायला गेली. मला वाटलं, आता ती सगळं सांगेल. तसं झालं नाही. भिंतीवर स्केचपेनचा माणूस सापडला, तेव्हा तिने सरळ शेजारच्या मांजरीचं नाव घेतलं. मी मांजरीला विचारून येतो म्हटलं. ती बराच वेळ पायांकडे बघत राहिली, मग म्हणाली, "ती झोपली असेल." मग आम्ही दोघांनी ओल्या फडक्याने भिंत पुसली. माणूस पूर्ण गेला नाही.

लाकूडतोड्याची गोष्ट आता ती मला सांगते. तिच्या गोष्टीत कुऱ्हाड पडते, तो रडतो, आणि देवी पाण्यातून वर येऊन आधी विचारते, "तुला लागलं का रे?" सोन्याची कुऱ्हाड ती कधी देते, कधी विसरते.