लॅट्रोबच्या टेकडीवरून दिसणारी भिंत

पिट्सबर्गला जाणारे पाहुणे सहसा तीन नद्यांचा संगम बघतात, रुळांवरून डोंगर चढणाऱ्या जुन्या डब्यात बसतात आणि भरपूर फोटो काढून परततात. आपली भारतीय मंडळी त्यात पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिराची भर घालतात. १९७६ मध्ये उभं राहिलेलं हे मंदिर अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांपैकी एक. माझी मावशी त्याच भागात राहते. पण तुम्ही जुलैच्या अखेरीस तिकडे असाल, तर दर्शन घेऊन लगेच मागे वळू नका. पूर्वेला अजून थोडं पुढे जा. पिट्सबर्गपासून साधारण ६५ किलोमीटरवर लॅट्रोब नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे तुम्हाला एक भिंत बांधली जाताना दिसेल, माणसांची भिंत.

लॅट्रोबची वस्ती जेमतेम आठ हजारांची. गावाबाहेर सेंट व्हिन्सेंट कॉलेज आहे. १८४६ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियातून आलेल्या बेनेडिक्टाइन साधूंनी इथे मठ आणि शाळा सुरू केली. काळे झगे घातलेले साधू आजही आवारात दिसतात. त्यांची १८५४ मधली पिठाची गिरणीही टिकून आहे. मावशी तिथून पीठ आणते, पोळ्यांना नाही, ब्रेडला! अशा शांत जागी १९६६ पासून पिट्सबर्ग स्टीलर्स हा अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक संघ दर उन्हाळ्यात सरावाला येतो. करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये तेवढा खंड पडला.

हा खेळ आपल्याला टीव्हीवर नुसती धक्काबुक्की वाटतो. पण कबड्डी माहीत असेल, तर अर्धा खेळ समजलाच म्हणा. इथेही एक बाजू चढाई करते आणि दुसरी तिला अडवते. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर पुढे जायचं असतं. समोरच्या अकरा जणांनी ते होऊ द्यायचं नाही. कबड्डीत कोपरारक्षकाने पाय धरला आणि साखळी वेळेवर आली नाही, तर चढाईपटू निसटतो. इथेही तसंच. एकाने डावीकडे झेप घेतली, तर त्याने सोडलेली जागा कोण भरणार, हे बाकीच्या दहा जणांना आधीच माहीत असायला हवं.

हे माहीत होतं कधी? सामने नसतात तेव्हा. हंगाम सप्टेंबर ते जानेवारी, आणि अंतिम सामना फेब्रुवारीत. मार्चमध्ये करार संपलेले खेळाडू नवे संघ शोधतात, एप्रिलच्या शेवटी कॉलेजमधल्या मुलांची निवड होते. मे-जूनच्या सरावात अंगावर धडकायला बंदी असते, त्यामुळे तो काळ बराचसा पाठांतराचा. खरी कसोटी लागते ती जुलैच्या शेवटी, लॅट्रोबला.

मैदानाला चक नोल यांचं नाव दिलेलं आहे. १९६९ मध्ये ते प्रशिक्षक झाले, तेव्हा हा संघ म्हणजे हरण्याची सवय लागलेलं कुटुंब होतं. नोल यांच्या पहिल्या वर्षी १४ पैकी १३ सामने हरले. पण त्यांनी निवडलेला पहिलाच खेळाडू होता जो ग्रीन, बचावातला धिप्पाड गडी. मग वर्षागणिक एकेक वीट रचली गेली. १९७४ मध्ये जॅक लॅम्बर्ट आला. त्याच वर्षी आला डॉनी शेल. त्याला निवडीत कुणीच घेतलं नव्हतं. या बचाव फळीला लोक ‘स्टील कर्टन’, म्हणजे पोलादी पडदा, म्हणू लागले आणि सहा हंगामांत संघाने चार अजिंक्यपदं मिळवली. १९७६ च्या शेवटच्या नऊ सामन्यांत या फळीने मिळून फक्त २८ गुण दिले आणि पाच सामन्यांत तर एकही नाही.

पोलाद हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. पिट्सबर्ग पोलादाचं शहर, आणि संघाचं चिन्हही पोलाद उद्योगाकडूनच घेतलेलं. पुढे ऐंशीच्या दशकात कारखाने बंद पडले. होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६ मध्ये थांबला. आज तिथे दुकानांचं संकुल आहे आणि बाजूला जुन्या चिमण्यांची एक रांग उभी आहे. नोकरी गेलेली हजारो कुटुंबं देशभर पांगली, पण जाताना स्टीलर्सचा काळा-सोनेरी रंग घेऊन गेली. म्हणून लॅट्रोबच्या टेकडीवर दूरदूरच्या राज्यांतून आलेली माणसं भेटतात. आजोबा, मुलगा, नात, तिघांच्याही अंगात तीच जर्सी.

टेकडीवर गवतात बसून खाली मैदान बघायचं, पैसे पडत नाहीत. सगळ्यांत मजेचा असतो तो ‘सेव्हन शॉट्स’. २००७ मध्ये प्रशिक्षक म्हणून आलेल्या माईक टॉमलिन यांनी रुजवलेला हा सराव. चेंडू गोलरेषेपासून दोन यार्डांवर, म्हणजे दोन मीटरहूनही जवळ ठेवायचा. चढाईला सात संधी, बचावाला सात वेळा अडवायचं. याचे गुण कुठेही धरले जात नाहीत, तरी टेकडीवरचं प्रत्येक पोर बोटांवर मोजत असतं.

मी मात्र दुसरंच बघत बसले होते. शिबिराला ९० खेळाडू येतात आणि ऑगस्टच्या शेवटी फक्त ५३ उरतात. आणखी काही जणांना सरावापुरतं ठेवतात, बाकीच्यांनी सामान बांधायचं. इतक्या माणसांना आकडेही पुरत नाहीत, म्हणून एकच क्रमांक कधी कधी दोघांच्या पाठीवर असतो. सरावाच्या कडेला एक अनुभवी खेळाडू एका नवख्याला पाय कुठे रोवायचा ते दाखवत होता. त्याने पुन्हा केलं, याने पुन्हा दुरुस्त केलं. दोघेही एकाच जागेचे उमेदवार. शिकणारा चांगला निघाला, तर शिकवणाऱ्याची जागा जाऊ शकते. आणि शिकवलंच नाही, तर भिंतीला भोक पडणार, ज्यातून सगळेच हरणार. मावशी म्हणाली, “अगं, ऑफिसात आम्ही साधा पासवर्ड सांगायला कुरकुरतो!”

कॉलेज संपवून आलेली ही मुलं बावीस-तेवीस वर्षांची. मी पंचविशीची, म्हणजे त्यांच्यात बऱ्यापैकी ज्येष्ठच ठरले असते. खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द सांगते ती तीन-साडेतीन वर्षांची. आणि शरीराचा हिशेब वेगळाच. डिसेंबर २०१७ मध्ये बचावपटू रायन शेझियरच्या मणक्याला सामन्यात जबर दुखापत झाली. पुढच्या एप्रिलमध्ये, निवडीच्या रात्री, तो होणाऱ्या बायकोचा हात धरून मंचावर चालत आला, तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं. तो पुन्हा सामना खेळू शकला नाही. आज सरावात अनेकांच्या शिरस्त्राणावर मऊ गादीसारखं आवरण दिसतं, ते डोक्याला बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणूनच.

पण याच आवारात जेम्स हॅरिसनचीही गोष्ट घडली. २००२ मध्ये निवडीत कुणी न घेतलेला हा मुलगा स्टीलर्सकडे आला. संघाने त्याला एकदा नाही, अनेकदा काढलं. २००४ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या खेळाडूचा हात दुखावला म्हणून त्याला परत बोलावलं. २००८ च्या हंगामात तो लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि फेब्रुवारी २००९ च्या अंतिम सामन्यात विरोधकांचा चेंडू मध्येच पकडून शंभर यार्ड धावला.

तर जायचं ठरलंच, तर टोपी आणि पाणी घ्या, संघाच्या संकेतस्थळावर वेळापत्रक आणि तिकिटाची सोय आधी बघून ठेवा. मुलं सोबत असतील तर गावात बनाना स्प्लिट खाऊ घाला, १९०४ मध्ये तो इथल्याच एका औषधाच्या दुकानात जन्मला असं गाव अभिमानाने सांगतं. सराव संपल्यावर मात्र लगेच उठू नका. खेळाडू कुंपणाशी येऊन सह्या देतात. गर्दी प्रसिद्ध नावांभोवती असते. थोड्या अंतरावर एखादा मुलगा शिरस्त्राण काखेत धरून उगाच रेंगाळत असतो, त्याला कुणी हाक मारत नाही. तुमच्या मुलांना त्याच्याकडे पाठवा. चार आठवड्यांनी तो कदाचित घरी असेल, कदाचित भिंतीत. त्या संध्याकाळी तरी सही मागणारं कुणी आलं, याचा त्याला आनंदच होईल.