ग्रहण एकालाच कसं लागलं?

मुंबईतल्या पंतनगरहून रिक्षाने स्टेशनजवळच्या सोनोग्राफी सेंटरवर गेलो, तेव्हा जानेवारी 2023 संपत आला होता. गरोदरपणाचा विसावा आठवडा. या सोनोग्राफीत नेमकं काय बघतात, हेही मला धड ठाऊक नव्हतं. वार एकच आहे, म्हणजे जुळी एकाच अंड्याची, एवढं आधी कळलं होतं. डॉक्टर त्यांना 'बाळ ए' आणि 'बाळ बी' म्हणत. ए पटकन आटपलं. बीच्या तोंडापाशी त्या घुटमळल्या.

"बीचा वरचा ओठ दुभंगलेला दिसतोय. एचा नीट आहे."

मशीन बिघडलं असेल, असंच मला वाटलं. एकसारखी मुलं ना? मग ओठ वेगळे कसे?

घरी मावशींनी, म्हणजे सासूबाईंच्या बहिणीने, बोटांवर महिने मोजले. "दिवाळीत ग्रहण होतं गं. सुरी हातात घेतली होतीस? ग्रहणात चिरलं की बाळाचा ओठ फाटतो."

घेतली होती. 25 ऑक्टोबर 2022, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस. मुंबईत त्या संध्याकाळी सूर्य ग्रहणातच मावळला आणि मी चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप करत बसले होते. त्यात तो सहावा आठवडा. वरचा ओठ सांधला जातो तो त्याच सुमारास. हे वाचल्यावर तर माझी झोपच उडाली.

पहाटे कधीतरी डोक्यात आलं, पोट तर एकच होतं! ग्रहण लागायचंच तर दोघांना लागलं असतं. मावशींना तसं म्हटलं. त्या जरा थांबल्या. "मग तुमच्या माहेरात असेल." पण आजोळही दोघांचं एकच की.

शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. एकाच अंड्याच्या जुळ्यांत एकाचा ओठ दुभंगलेला असला, तरी दुसऱ्याचाही तसा असण्याची शक्यता साधारण निम्मीच, असं त्या म्हणाल्या. जनुकं नुसता कल देतात. त्या मोजक्या दिवसांत कोणाच्या पेशी कशा सरकल्या, कोणाला रक्त किती पोचलं, यावर बाकीचं. नेमकं कारण बहुतेकदा सापडत नाही. मला ते उत्तर अपुरं वाटलं, पण त्यात माझ्या सुरीला जागा नव्हती.

मे महिन्यात मुली झाल्या. बीला ओढता येईना, म्हणून वाटी-चमच्याने दूध पाजलं. चौथ्या महिन्यात तिचा ओठ शिवला.

तुमच्या ओळखीत असं बाळ असेल, तर खर्चाला घाबरून थांबू नका. 'स्माइल ट्रेन' या संस्थेच्या मदतीने अनेक रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते.