फ्रीजरचा खालचा कप्पा

लेकीच्या घरी गेले की मी आधी स्वयंपाकघर ताब्यात घेते. डार्विनला पोहोचले त्या संध्याकाळीही सवयीने फ्रीजर उघडायला गेले, तर ही धावत आली. "आई, खालचा कप्पा तेवढा सोड."

खालच्या कप्प्यात गोठवलेले उंदीर! आणि ही बेळगावातल्या, कांदा-लसूणही न चालणाऱ्या घरातली मुलगी.

उंदीर तिच्या वॉटर पायथनच्या जोडीसाठी. हा उत्तर ऑस्ट्रेलियातल्या पाणथळींचा अजगर. पाठ काळपट तपकिरी, पोट पिवळंधमक, आणि उन्हात अंगावर पाण्यावरच्या तेलासारखे रंग. आपल्याकडे अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. तिथे परवाना काढून पाळतात. तिने मला फॉग डॅमलाही नेलं. भातशेतीसाठी १९५० च्या दशकात बांधलेलं धरण. शेती फसली, अजगर मात्र राहिले. काठच्या उंदरांवर जगतात.

"आई, पार्श्वनाथांनी सापच वाचवले ना?" ती म्हणाली.

"वाचवले. पेटीत नाही ठेवले."

ती हसली नाही.

भाद्रपद लागला होता. दशलक्षण पर्वात माझं एकाशन, आणि मादीनेही अंडी पोटात म्हणून कित्येक दिवस अन्न सोडलेलं. नराला ती म्हणाली, "आईचं पर्व संपेपर्यंत तुलाही उपास." मोठ्या अजगराला दहा-पंधरा दिवस सहज चालतं म्हणे. चौथ्या दिवशी मादीने तेरा अंडी घातली. एकमेकांना चिकटलेली, पांढरी, आणि त्यांच्याभोवती तिचं घट्ट वेटोळं. मी बघतच राहिले.

लेकीने अंडी काढून उबवणीच्या पेटीत ठेवायचं ठरवलं होतं. मी चिडले. पर्वात आईपासून अंडी तोडतेस?

"दोन महिने बसून राहील आई, खाणार नाही, खंगेल," ती म्हणाली. मग तिने सांगितलं ते मी विसरले नाही. रानात घोरपडीच्या उबदार बिळात अंडी घालणाऱ्या बहुतेक माद्या लवकर निघून जातात; झाडाच्या मुळांतल्या थंड पोकळीत घालणाऱ्या शेवटपर्यंत बसतात. बसणारीची ताकद जास्त जाते. निघून जाणारी वाईट आई, असं मी पटकन म्हणाले असते. पण जागेलाच ऊब असेल तर?

अंडी काढल्यावर मादीला धुतात. अंड्यांचा वास अंगावर राहिला तर ती खात नाही. खालचा कागदही बदलतात. लेकीने तिला टबात धरलं, कोमट पाणी मी ओतलं. अंग बुळबुळीत नव्हतं; कोरडं, जड, गार. ही पहिल्यांदा परदेशी गेली तेव्हा तिच्या खोलीतली चादर मी दोन महिने धुतली नव्हती. ते तिला आजवर सांगितलेलं नाही, तेव्हाही नाही सांगितलं.

"तेरा पिल्लं होतील. त्यांचे उंदीर कुणाच्या खात्यात गं?" एवढं मात्र विचारलंच. ती पुसता पुसता थांबली. "पुढच्या वर्षी नराला वेगळाच ठेवीन," म्हणाली. तिला पटलं होतं की माझ्यासाठी म्हणाली, कळलं नाही.

क्षमावाणी झाली. दुसऱ्या दिवशी खालचा कप्पा उघडल्याचा आवाज आला तशी मी जपमाळ घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. एकशे आठ मणी दोनदा झाले. ती हात धुऊन बाहेर आली.

"खाल्लं का गं तिनं?"

"खाल्लं."

मला हायसं वाटलं. मग मुकाट्याने सामायिकाला बसले.