कासेलच्या फलाटावर

दर पाच वर्षांनी भरणाऱ्या 'डॉक्युमेंटा' या कलाप्रदर्शनासाठी 2012 च्या उन्हाळ्यात जर्मनीतील कासेल या शहरी गेलो असता, तेथील जुन्या मुख्य स्थानकात फलाटाच्या पार टोकाशी, जेथे छप्पर संपून रूळ उघड्या आकाशाखाली जातात, तेथे ध्वनिक्षेपकांतून व्हायोला व चेलो यांचे सुटे स्वर ऐकू आले. एक स्वर जवळून उमटे, दुसरा दूरच्या रुळांपलीकडून, आणि मध्ये एवढा अवकाश राही की गाड्यांचा खडखडाट त्यात खुशाल शिरे.

ही रचना सुझन फिलिप्स या स्कॉटिश कलावतीची. मूळ संगीत पावेल हास या चेक ज्यू संगीतकाराने 1943 मध्ये तेरेझीनच्या नाझी छावणीत बंदिवासात असताना, सहबंदी वादकांच्या तंतुवाद्यवृंदासाठी लिहिले. छावणीत सारे सुखासमाधानाने नांदत आहेत असे जगास भासविण्यासाठी नाझींनी 1944 मध्ये जो चित्रपट करविला, त्यात कारेल आन्चेर्ल यांच्या संचालनाखाली हे वादक तेच संगीत वाजविताना दिसतात. आणि चित्रीकरण आटोपल्यावर थोड्याच दिवसांत हास, आन्चेर्ल व बहुतेक वादक यांची ऑशविट्झला रवानगी झाली. हास तेथे मारले गेले. आन्चेर्ल वाचले, व युद्धानंतर वादकांच्या स्वरलिपीचे कागद त्यांना तेरेझीनमध्ये सापडले. फिलिप्स यांनी त्यांतील व्हायोला व चेलो एवढेच वाजवून घेतले. व्हायोलिने आणि डबल बास यांच्या वाट्याला आलेला काळ त्यांनी तसाच मौन ठेवला. मारल्या गेलेल्या माणसांच्या जागा कोणी भरू नयेत, हा त्यांचा निर्णय मला अत्यंत सत्यनिष्ठ वाटतो.

स्थळाची निवडही सहेतुक होती. याच स्थानकातून ज्यू नागरिकांना 9 डिसेंबर 1941 रोजी रिगाकडे, 1942 च्या जूनमध्ये लुब्लिनकडे आणि सप्टेंबरात तेरेझीनकडे नेण्यात आले. याद्या, जप्तीचे कागद, पोलिसांचे हुकूम, सारा कारभार दप्तरी शिस्तीने चालला होता.

ती ध्वनिरचना त्या प्रदर्शनापुरती होती; परंतु नगरभवनासमोरील एक स्मारक कायमचे आहे. सिगमुंड आश्रोट या ज्यू उद्योगपतीच्या देणगीतून 1908 मध्ये तेथे उभे राहिलेले सुमारे 12 मीटर उंचीचे कारंजे नाझींनी 1939 मध्ये पाडले, आणि 1987 मध्ये होर्स्ट होहाइसेल या कलावंताने त्याचीच आकृती उलटी करून भूमीच्या पोटात उतरविली. वरून दिसते फार थोडे. खोल कोसळणाऱ्या पाण्याचा घोष मात्र पायांखालून स्पष्ट येतो. कासेलला जाण्याचा योग आला तर वाचकांनी तेथे घटकाभर उभे राहून तो अवश्य ऐकावा.