तारकर्लीच्या वाडींतील सातेरी

मालवणाहून देवबागच्या वाटेनें दक्षिणेस निघालें म्हणजे सहासात किलोमीटरांवर तारकर्ली लागते. उजव्या हातास अरबी समुद्र, डाव्या हातास कर्ली नदीची खाडी, आणि या दोहोंमध्यें वाळूची एक लांबट पट्टी, असें या गांवाचें ठिकाण आहे. ही पट्टी पुढें चिंचोळी होत होत देवबागेच्या संगमाशीं संपते. पट्टीवर माडांच्या बागा, समुद्राच्या अंगास सुरूचीं झाडें, खाडीच्या अंगास कांदळवन. हवा स्वच्छ असली म्हणजे उत्तरेस, शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं बांधावयास घेतलेल्या सिंधुदुर्गाचा तट पाण्यावर दिसतो. किल्ला पाहण्यास, समुद्रस्नानास आणि अलीकडे पाण्याखालीं बुडी मारून मासे पाहण्यास येथें इतके लोक येतात, कीं त्या शोभेचें वर्णन वाचकांनीं पुष्कळदां वाचलें असेल. तें सोडून, ज्यांच्याकडे पाहुण्यांपैकीं कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं अशा तेथील एका प्रजेविषयीं लिहितों.

माझे एक जुने विद्यार्थी निवृत्त होऊन येथें वडिलोपार्जित वाडींत राहतात. त्यांच्या आग्रहावरून गेल्या माघांत मीं तीन आठवडे तेथें काढले. घरांत चार पिढ्या नांदत आहेत. थोरल्या चिरंजीवांनीं पाहुण्यांसाठीं दोन खोल्या काढल्या असून आणखी दोन काढावयाच्या, म्हणून विहिरीजवळचा जुना मांगर पाडावयाचें ठरलें होतें. या मांगराच्या चिऱ्यांच्या भिंतींत, बोटभर फटीच्या आड, मधमाशांचें मोहोळ होतें. गडी म्हणाले, रात्रीं राकेलचा पलिता लावूं आणि सकाळीं काम सुरू करूं. चिरंजीवांचें म्हणणें सरळ होतें, "पावण्यांका चावली तर कोण निस्तरतलो?" नव्वदीस टेकलेल्या आजीबाई ओटीवरूनच म्हणाल्या, "माज्या सासऱ्यांच्या येळेपासून हत ती हंयसर. कोणाक चावली काय कधी?" गोष्ट खरी असली तरी पुरावा म्हणून ती पुरेशी नव्हे, पाहुण्यांस सासऱ्यांची ओळख कोठून असणार! शेवटीं असें ठरलें कीं, कुडाळकडील एका मधपाळास बोलवावें आणि त्यास तीन दिवसांची मुदत द्यावी. माशा हलल्या तर ठीक, नाहीं तर पलिता.

आपल्याकडे मध करणाऱ्या माशांच्या जाति अनेक. आग्या माशी उंच झाडास किंवा कड्यास एकच मोठें उघडें पोळें लावते. तिचा राग प्रसिद्धच आहे आणि ती पेटींत कधींहि राहत नाहीं. फुलोरी माशीचें पोळें झुडपाच्या फांदीस, तळहाताएवढें. नांगी नसलेली एक अगदीं बारीक माशी असते, तिचा मध औषधापुरताच मिळावयाचा. युरोपांतून आणलेली मेलिफेरा ही माशी १९६२ च्या सुमारास हिमाचलाकडे रुजविली गेली व आतां उत्तरेंत तीच फार पाळतात. राहिली सातेरी. ती अंधार पसंत करते. झाडाची ढोली, वारूळ, जुनी भिंत अशा पोकळींत ती एकापाठीमागें एक सात-आठ पोळीं समांतर लावते, आणि अंधार व समांतर पोळीं या दोन संवयींमुळेंच तिला पेटींत ठेवतां येतें. सातेरी याच नांवाची देवी सिंधुदुर्गांत व गोव्यांत गांवोगांवीं आहे आणि पुष्कळ ठिकाणीं तिचें रूप म्हणजे वारूळच. आजीबाईंचा आग्रह या नांवानें थोडा बळावला असल्यास नवल नाहीं.

आमचे पूर्वजहि या भेदांविषयीं उदासीन नव्हते. चरकानें मधाचे चार प्रकार सांगितले आहेत व सुश्रुतानें आठ: पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल. अमरकोशांत मधमाशीस सरघा म्हटलें आहे, म्हणून मध तो सारघ. आणि मेणास मधूच्छिष्ट, म्हणजे मध घेऊन उरलेलें, असें अर्थपूर्ण नांव आहे. परंतु माशी पाळून मध घेण्याची विद्या या ग्रंथांत नाहीं. मध मिळवावयाचा म्हणजे पोळें पिळावयाचें, आणि त्यांत पिलेंहि पिळलीं जावयाचीं, हीच रीति परवांपरवांपर्यंत होती. रामायणांत सुग्रीवाच्या मधुवनाची वानरांनीं जी धूळधाण केली तिचें आपणांस कौतुक वाटतें. त्या वनाचा राखणदार दधिमुख मात्र रडत सुग्रीवाकडे गेला होता, हें विसरूं नये.

मधपाळ तिसऱ्या दिवशीं दुपारीं आला. वय पन्नाशीचें, अंगांत साधा सदरा. शिक्षण महाबळेश्वरच्या मध संचालनालयाचें. त्यानें आणलेली पेटी पाहण्यासारखी होती. खालीं तळपाट, त्यावर पिलांची कोठी, तिच्यावर मधकोठी, आणि सर्वांवर झांकण. कोठींत लांकडी चौकटी कपाटांतील पुस्तकांप्रमाणें उभ्या लोंबतात. हवी ती वर उचलून पाहावी व परत ठेवावी. यांतील मर्म अंतराचें आहे. दोन पोळ्यांमध्यें माशीस ये-जा करण्यापुरती, म्हणजे सुमारें पाव ते तीन अष्टमांश इंच जागा सोडली, तर ती तेथें कांहीं बांधीत नाहीं. त्याहून अधिक सोडली तर पोळें बांधून भरून काढते. हें तत्त्व १८५१ सालीं अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकानें पेटीस लावलें, आणि १९१० नंतर फादर न्यूटन या दक्षिणेंतील पाद्र्यानें सातेरीच्या बेताची लहान पेटी केली.

ऊन कलतें झाल्यावर काम सुरू झालें. नारळाच्या सोडणाचा धूर भात्याच्या भांड्यांतून फटीशीं दोनचार वेळां सोडला. धुरानें माशा बेशुद्ध होतात अशी समजूत आहे, ती खरी नव्हे. घरास आग लागली असें वाटून त्या पोटभर मध भरून घेतात, आणि भरल्या पोटीं नांगी मारण्याची वृत्ति मंदावते. शिवाय एकमेकींस धोका कळविण्याचा त्यांचा जो गंध असतो तोहि धुरानें झांकला जातो. गड्यानें दोन चिरे अलगद काढले, तों आंत सात पोळीं पडद्यांप्रमाणें लोंबत होतीं. वरच्या अंगास मध, त्याखालीं परागाची पिवळी कड, मध्यभागीं पिलें. मधपाळानें एक पोळें उजेडांत धरून आम्हांस धडाच दिला. घराच्या तळाशीं तांदळाच्या कणीसारखें अंडें. तीन दिवसांनीं त्याची अळी. मग घरास मेणाचें टोपण बसून कोश. राणी सोळा दिवसांत बाहेर येते, कामकरी वीस-एकवीस आणि नर चोवीस दिवसांत. नराच्या घराचें टोपण फुगीर असून त्याच्या मध्यभागीं सुईच्या टोंकाएवढें छिद्र असतें. ही खूण सातेरीची. राणी व कामकरी एकाच प्रकारच्या अंड्यांतून होतात. जिला अळी असतांना शेवटपर्यंत राजान्न मिळतें ती राणी, जिला दोनतीन दिवसच मिळतें ती कामकरी. नर मात्र अफलित अंड्यांतून जन्मतो, म्हणजे त्यास आई असते, बाप नसतो. हें ऐकून घरांतील मुली पदराआड हंसल्या.

पिलांचें एक एक पोळें कापून तो चौकटींत बसवी व केळीच्या सोपटानें बांधी. मधाचे तुकडे त्यानें वेगळे ठेवले, कारण गळता मध पेटींत गेला कीं मुंगळे येतात. सहा पोळीं झालीं, सूर्य समुद्रास टेकला, आणि राणी कांहीं सांपडेना. "राणी गावली काय बाकीची आपोआप येतत," तो म्हणाला, "ती गावाक नाय तर हो सगळो खटाटोप फुकट." चिरंजीव घड्याळाकडे पाहत होते, गड्यांनीं पलित्याच्या चिंध्या बांधूनच ठेवल्या होत्या. सातवें पोळेंहि निघालें. तेव्हां भिंतीच्या कोपऱ्यांत माशांचा नारळाएवढा एक घोंस दिसला. मधपाळानें ओंजळीनें तो घोंस हळूच उकलला, आणि लांब, काळसर पोटाची राणी धांवतांना सांपडली. तिला जाळीच्या लहान डबींत घालून पेटींत ठेवतांच दाराशीं कांहीं माशा शेंपटी वर करून पंख हलवूं लागल्या. हा त्यांच्या बोलावण्याचा गंध. पाऊण तासांत भिंत रिकामी झाली.

येथें एक अडचण उभी राहिली. माशी आपल्या घराची जागा पक्की लक्षांत ठेवते. पेटी चार पावलें सरकविली तर चालेल, किंवा एकदम तीन किलोमीटर दूर नेली तर चालेल. परंतु चाळीस पावलांवर माडाखालीं ठेवली तर दुसऱ्या दिवशीं सर्व कामकरी पाडलेल्या भिंतीशीं येऊन घिरट्या घालतील. म्हणून पेटीचें दार जाळीनें बंद करून ती रात्रींच होडींतून खाडीपार नेली आणि तेथून आंत, तीन किलोमीटरांपलीकडच्या आप्तांच्या वाडींत पंधरा दिवस ठेवली. होडींत चिरंजीव स्वतः पेटी धरून बसले होते. आंतून येणारी गुणगुण त्यांस हातास जाणवत होती, असें त्यांनीं परत आल्यावर आईस सांगितलें.

पेटी परत आल्यावर मधपाळानें ज्या गोष्टी सांगितल्या त्या कोणत्याहि घरीं उपयोगाच्या आहेत. तोंड पूर्वेस करावें, खारा वारा समोरून लागूं देऊं नये. घडवंचीचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे, म्हणजे मुंगळे चढत नाहींत. पहिल्या आठवड्यांत राणी बाहेर जाऊं शकणार नाहीं अशी जाळी दारास असावी, कारण सातेरीची खोड घर सोडून पळण्याची. दर आठदहा दिवसांनीं पेटी उघडून तळपाट पुसावा. तेथील कचऱ्यांत मेणकिडा वाढतो व तो पोळीं जाळ्यांनीं भरून टाकतो. वेडा राघू व गांधीलमाशी यांवर लक्ष असावें, जरी गांधीलमाशीस घेरून अंगच्या उष्णतेनें मारण्याची युक्ति सातेरीस येते. पोळ्याच्या खालच्या कडेस राणीचीं घरें लोंबूं लागलीं कीं वसाहत फुटणार असें समजावें, आणि ती आपण होऊन उडण्यापूर्वींच दोन पेट्यांत वाटावी. मध घ्यावयाचा तो केवळ मधकोठींतील, आणि घरांस टोपण बसलें असेल तोच. टोपण बसण्यापूर्वीं त्यांत पाणी अधिक असतें व तो आंबतो. चौकट मधयंत्रांत फिरविली म्हणजे मध निघतो आणि पोळें जसेंच्या तसें परत देतां येतें. परजिल्ह्यांतून स्वस्त वसाहत मिळते म्हणून आणूं नये; १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नांवाच्या विषाणुरोगानें दक्षिणेंतील सातेरीचा मोठा संहार केला आहे.

आतां पैशाचें. सातेरीची पेटी चांगल्या वर्षीं पांच ते आठ किलो मध देते, आणि तारकर्लीस पेट्या वाढवितां येत नाहींत. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरापर्यंत चरावयास जाते. या वाडीभोंवतीं तेवढें वर्तुळ काढून पाहिलें तर अर्धें समुद्रांत पडतें. माशीच्या दृष्टीनें ती वाळवंटासारखीच जागा. सह्याद्रीच्या कुशींतील गांवांची गोष्ट निराळी. महाबळेश्वराजवळच्या मांघरास २०२२ सालीं देशांतील पहिलें मधाचें गांव म्हणून मान मिळाला, कारण तेथें चारी बाजूंस रान आहे. पेट्या घेऊन श्रीमंत व्हा, अशा जाहिराती करणाऱ्यांनीं हें वर्तुळ एकदां तरी काढून दाखवावें.

चिरंजीवांचें मन वळविलें तें मधानें नव्हेच, माडानें. माडास बहुतेक दर महिन्यास नवी पोय येते. तिच्यावर नरफुलें आधीं उमलून गळतात आणि मादीफुलें मागाहून तयार होतात, म्हणून उंच जातीच्या माडास दुसऱ्या माडाचा पराग लागतो. तो वारा आणतो व माशा आणतात. काजूचेंहि तसेंच. मधपाळानें पहिला प्रश्न विचारला तो मात्र आंब्याविषयीं: शेजारीं मोहोरावर औषध कोण फवारतो व केव्हां? तुडतुड्यांसाठीं भर मोहोरांत सकाळीं फवारणी झाली तर माशा चरतां चरतांच मरतात. फवारणी संध्याकाळीं माशा परतल्यावर करावी आणि आदल्या दिवशीं शेजाऱ्यास सांगावें, इतकेंच त्याचें मागणें. एका शेजाऱ्यानें तें मान्य केलें. दुसऱ्यानें ऐकून घेतलें.

गृहिणींसाठीं दोन शब्द. मध थिजून रवाळ झाला म्हणजे त्यांत साखर आहे असें नव्हे. बरणी कोमट पाण्यांत ठेवावी, विस्तवावर ठेवूं नये. आणि जातकर्मांत तान्ह्यास मध-तूप चाटविण्याची चाल जुनी असली तरी एक वर्ष पुरें होईपर्यंत बालकास मध देऊं नये, असें आजचें वैद्यक स्पष्ट सांगतें. मधांत क्वचित् असणाऱ्या एका जंतूचें विष तान्ह्याच्या आंतड्यांत तयार होऊं शकतें. आजीबाईंनीं हें ऐकून थोडा वेळ विचार केला व पणतूसाठीं बाजूस काढलेली वाटी देवघरांत नेऊन ठेवली.

मांगर पाडला गेला, खोल्या जोत्यापर्यंत आल्या. पेटी विहिरीपलीकडे, पाहुण्यांच्या वाटेपासून दूर, जास्वंदीच्या कुंपणाआड आहे. कोंकणांत माशीचा खरा कसोटीचा काळ पावसाचा. चार महिने तिला धड बाहेर पडतां येत नाहीं. मधकोठी काढून घेतली आहे, झांकणावर झांपांचें छप्पर केलें आहे, आणि आठवड्यांतून एकदां समभाग साखर-पाण्याचा पाक संध्याकाळीं आंत ठेवण्याचें काम चिरंजीवांनीं आपणाकडे घेतलें आहे. श्रावणांत त्यांचें पत्र आलें, त्यांत सात चौकटींपैकीं पांचच माशांनीं झांकलेल्या आहेत, राणी दिसली, अंडीं थोडीं आहेत, असा मजकूर होता. घटस्थापनेनंतर पेटी उघडून पुन्हां कळवितों, असें त्यांनीं लिहिलें आहे.