खिशातली लोखंडी गोटी

तुम्ही कधी गोट्या खेळलात का? आम्ही डोंबिवलीच्या चाळीत खूप खेळायचो. माझ्याकडे बेअरिंगमधली एक लोखंडी गोटी होती, गॅरेजवाल्या काकांनी दिलेली. चाळीत तिचा केवढा मान! तिच्या बदल्यात काचेच्या दहा गोट्या सहज मिळायच्या.

मे महिन्याच्या सुट्टीत मावशीकडे ठाण्याला, नौपाड्यात गेलो आणि ऐटीत गोटी बाहेर काढली. तिथली मुलं एका सुरात ओरडली, "ए, इथे लोखंडी चालत नाही! आमच्या गोट्या फुटतात." झालं! गोटी माझी, खिसा माझा. पण डाव त्यांचा. अगदी रडकुंडीला आलो.

हे आठवलं कल्याणच्या माझ्या भाच्यामुळे. दिवाळीचे साठवलेले पैसे देऊन त्याला संगणकावरच्या खेळातली एक तलवार घ्यायची होती. म्हणाला, "मामा, ही ब्लॉकचेनवर असते. एका खेळातून दुसऱ्यात नेता येते!"

ब्लॉकचेन म्हणजे एक वही समजा. तिच्या प्रती पुष्कळ संगणकांवर असतात. कोणतं टोकन कोणाचं, हे तिच्यात लिहिलेलं. एकट्याला खाडाखोड करणं जमत नाही. २०१७ साली आलेल्या 'क्रिप्टोकिटीज'ची मांजरं अशीच वहीत नोंदलेली. इतरांनी बनवलेल्या काही खेळांनीही ती आपल्यात घेतली. म्हणजे भाचा काही थापा मारत नव्हता.

पण 'एफ-वन डेल्टा टाइम'चं ऐका. २०१९ मध्ये त्यातली एक गाडी एक लाख डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली. मार्च २०२२ मध्ये तो खेळच बंद झाला! कंपनीने मालकांना दुसऱ्या खेळातल्या गाड्या बदली देऊ केल्या खऱ्या. पण जुन्या गाडीला पळायला रस्ताच उरला नाही.

वस्तू कोणाची, ते वही सांगते. ती चालेल कुठे, ते खेळ बनवणारे ठरवतात. तलवारीचं चित्र, तिची ताकद, सगळं त्यांना आपल्या खेळात नव्याने बसवावं लागतं. डोंबिवलीला काढलेलं तिकीट ठाण्याला चालतं ना? कारण रेल्वे एकच आहे!

मी भाच्याला 'नको' म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, "ती आज कुठल्या कुठल्या खेळात चालते, लिहून आण."

दुसऱ्या दिवशी त्याने कागद आणला. त्यावर एकच नाव होतं.

"मामा," तो हळूच म्हणाला, "ही नौपाड्यात चालणार नाही."

पैसे पुन्हा डब्यात गेले. आणि माझी लोखंडी गोटी? ती आता त्याच्या खिशात आहे!