आगोट, गौर, शिमगा आणि हप्ता

रत्नागिरीजवळच्या आमच्या मिरजोळ्यात घरखर्च मोसमाने येतो. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी, लग्नं आणि पूजा. पावसाच्या तोंडावर आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, आणि शाळा. भाद्रपदात गणपती-गौर, फाल्गुनात शिमगा. मधले महिने त्या मानाने हलके. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने ठरल्या तारखेला, ठरल्या रकमेचा. हे दोन्ही एका वहीत बसवायला मला फार उशिरा जमलं आणि त्या उशिराचं व्याज आमच्या घराने भरलं.

कर्ज झालं ते घरापायी. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यालगत वर सरकलं, तेव्हा पडवीचे आणि मागच्या खोलीचे पत्रे उडाले. वाडीतली माणसं न बोलावता आली. कुणी ताडपत्री आणली, कुणी दोर आणला, कोरोनाचे दिवस असूनही कुणी मागे राहिलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही त्या भागावर स्लॅब घालून घेतला आणि त्यासाठी वैयक्तिक कर्ज काढलं. त्या कर्जाचा मला पश्चात्ताप नाही. छप्पर हवंच होतं. चुका झाल्या त्या हप्ता सुरू झाल्यावर.

मी इथल्या एमआयडीसीत मासळी प्रक्रियेच्या एका कारखान्यात कामाला आहे, नवरा वायरमनची कामं घेतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या काळात आमच्याकडे ताजा माल येत नाही आणि ओव्हरटाइम जवळजवळ थांबतो. बांधकामं पावसात बंद पडतात, म्हणून ह्यांच्या हातालाही काम कमी. म्हणजे घरातली आवक वर्षात सगळ्यात कमी होते ती नेमकी आगोट भरून झाल्यावर. तांदूळ, कडधान्यं, कांदे, मसाला, सुकी मासळी, न्हाणीघराच्या चुलीची लाकडं, वर मुलांच्या वह्या-पुस्तकं आणि रेनकोट. हे दर वर्षी असंच होतं, लहानपणापासून पाहत आले आहे. तरी हप्त्याची रक्कम ठरवताना मी मार्चच्या पगाराकडे बघून मान डोलावली. मार्चमध्ये ओव्हरटाइम भरपूर असतो. जुलैचा पगार समोर ठेवून विचारायला हवं होतं की यातून एवढे जातील का.

जुलैत पैसे कमी पडले तेव्हा क्रेडिट कार्ड वापरलं. कार्ड आधीपासून होतं, पण तोवर पूर्ण बिल भरायची सवय होती. त्या जुलैत पहिल्यांदा फक्त किमान रक्कम भरली. पुढच्या महिन्यात गणपती. मग तीच सवय झाली.

बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम भरली की फोन येत नाहीत, दंड लागत नाही, म्हणून मला वाटायचं की आपण नियमित आहोत. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड कित्येक महिने, वर्षं लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल, ही सूचना बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलेलं आहे. माझ्याही बिलावर ती होती. मी ती वाचली नव्हती. बाकी 80,000च्या घरात गेल्यावर एका रात्री कागद-पेन घेऊन बसले. माझ्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के. 80,000वर 2,800 रुपये व्याज. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 504 रुपये. दोन्ही मिळून 3,304. मी भरत होते 4,000. म्हणजे मुद्दलातून सुटत होते 696 रुपये. त्यात आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. मागची बाकी थकलेली असताना नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराणा कार्डावर घेतला की त्याच दिवसापासून त्यावर व्याज. आम्ही चहासाखरसुद्धा वर्षाला चाळीसहून जास्त टक्क्यांच्या उधारीवर खात होतो.

घाबरले आणि दुसऱ्या टोकाला गेले. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून पगाराचे भाग पाडले: इतके गरजेला, इतके कर्जाला, हौसेला शून्य. ऑगस्टची सुरुवात छान गेली. गणपतीत सगळं विस्कटलं, कारण मुंबईहून दीर-जावा आले आणि पाच दिवस पंगतीला माणसं. त्या वर्षी जावेच्या सुनेचा पहिला ओवसा होता. आमच्याकडे गौर पूर्वा नक्षत्रावर आली की नव्या सुनांचे ओवसे होतात, म्हणजे त्या सुपं भरून गौर पुजतात. सुपं, फळं, साडी, हे काही ऐनवेळी अंगावर आलेलं नव्हतं. नक्षत्र पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं. माझ्या महिन्याच्या हिशेबात त्याला जागाच नव्हती, म्हणून तो मला अपघातासारखा वाटला आणि मी पुन्हा कार्ड काढलं.

आणखी एक चूक त्याच काळातली, आणि ती मला जास्त महागात पडली. हाताशी येईल तो प्रत्येक जादा रुपया मी कर्जात टाकत होते. दिवाळीचा बोनस आला, तो सगळा कार्डावर भरला. बाकी खाली आलेली पाहून खूप बरं वाटलं. थोड्याच दिवसांत विहिरीवरचा पंप जळला. बँकेत काहीच नव्हतं. पंप कार्डावर आला. त्यातले काही हजार बाजूला असते तर हे झालं नसतं. कर्ज असताना शिल्लक ठेवणं मला चैन वाटत होती. आज मी हप्त्याच्या आधी थोडी शिल्लक बाजूला टाकते, व्याज थोडं जास्त गेलं तरी चालेल म्हणते.

माणसांच्या बाबतीत मी काय केलं ते सांगायला मला जड जातं. कारखान्यातल्या आम्हा बायकांचा एक मेळ आहे. कुणाचा वाढदिवस असला की मारुती मंदिराकडे एखाद्या हॉटेलात जेवण. कधी रविवारी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे, नाहीतर संध्याकाळी मांडवीला भेळ. बिल समान वाटून घ्यायचं, मग तू सुरमई खा नाहीतर वरणभात. हौसेला शून्य ठरवल्यावर मी या सगळ्यातून अंग काढलं. खरं कारण सांगितलं नाही. सासूबाईंना बरं नाही, मुलाची परीक्षा आहे, पाहुणे आहेत, असं काहीबाही सांगत राहिले. सासूबाई बऱ्या आहेत का, हे विचारायला माझी एक मैत्रीण शहाळी घेऊन घरी आली, तेव्हा सासूबाई अंगणात कोकमं वाळत घालत होत्या. ती काही बोलली नाही. चहा घेऊन गेली. नंतर मी फोनवर तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पैशाचं सांगितलं असतंस तरी मी ऐकलं असतं गो. आजारपण खोटं सांगायला नको होतं." ती अजून बोलते माझ्याशी, पण पूर्वीसारखं येणं-जाणं उरलं नाही. हे नुकसान कुठल्या वहीत लिहायचं मला माहीत नाही, पण कर्जाच्या काळातलं माझं सगळ्यात मोठं नुकसान तेच.

त्यानंतर मी बाकीच्या मैत्रिणींना सरळ सांगितलं, कर्ज फिटेपर्यंत हॉटेल मला जमणार नाही, भाट्याला नाहीतर थिबा पॉइंटला फिरायला येईन, डबा मी आणीन. दोघीतिघींना ते बरंच वाटलं. एकीला आवडलं नाही, ती मला बोलवायची बंद झाली. चालायचंच. वर्गणीचं जेवण मात्र मी पुढेही पूर्ण बंद ठेवलं नाही. वर्षातून मोजक्या वेळी जायचं, त्याचे पैसे आधी पाकिटात टाकून ठेवायचे आणि त्या दिवशी ताटाकडे बघून किंमत मोजत बसायचं नाही, असं ठरवलं. अजिबात न जाण्यापेक्षा हे टिकलं.

आहेराबद्दल मात्र माझा सासूबाईंशी वाद झाला. मे महिन्यात पत्रिकांचा ढीग होता. मी म्हटलं, "आई, या वर्षी आहेर नुसता शकुनापुरता करू. आपल्यावर कर्ज आहे." त्यांनी कपाटातून आहेराची वही काढली. आमच्या लग्नात, नणंदेच्या लग्नात, मुलाच्या बारशात कुणी काय दिलं ते सगळं त्यात लिहिलेलं. म्हणाल्या, "हे पण कर्जच आहे ना? ते पहिलं फेड. बिनव्याजी आहे म्हणून काय बुडवायचं?" तेव्हा मला राग आला होता. पण त्या वहीत तीच आडनावं होती, जी तौक्तेच्या वेळी ताडपत्री घेऊन आली होती. आमच्यासारख्या गावात शेजार हाच विमा आहे आणि त्याचा हप्ता आहेर, गावकीची वर्गणी, शिमग्यात पालखी दारात आल्यावर भरायची ओटी, खेळ्यांची पोस्त असाच भरला जातो. कर्जात असताना सगळा सामाजिक खर्च तोडा, असा सल्ला देणारा माणूस वेगळ्या गावात राहत असावा. हॉटेल तोडता येतं, नवीन साडी तोडता येते, मुलाच्या वाढदिवसाचा हॉल तर तोडायलाच हवा होता. तो मी कर्जात असतानाही घेतला होता, कारण वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या आईने घेतला होता. आहेर मी तोडला नाही. वहीत जेवढं लिहिलंय तेवढं परत करायचं, स्वतःहून वाढवायचं नाही, एवढं आमचं ठरलं.

भिशीचा हिशेब मी बरेच दिवस चुकीचा धरला होता. पहिल्याच काही महिन्यांत चिठ्ठी माझ्या नावाने निघाली आणि ती रक्कम मी मिळकत समजून खर्च केली. लवकर उचललेली भिशी म्हणजे उधारीच. उरलेले सगळे महिने तिचा हप्ता जातच राहतो. आता मी शेवटचा नंबर मागून घेते, म्हणजे ती बचत होते, आणि तो शेवट मेअखेर येईल असं बघते. आगोट तिच्यातून भरते.

वर्षाचा हिशेब मांडायला मला वेगळी वही लागली नाही. घरात कालनिर्णय असतंच. 1973 साली मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केलं, तेव्हापासून कितीतरी घरांत दुधाचा आणि गॅसचा हिशेब त्याच्या चौकटींत लिहिला जातो. मी जानेवारीतच पानं उलटून गौर, दिवाळी, शिमगा, शाळा, विम्याची तारीख, माहीत असलेली लग्नं यांपुढे अंदाजे रकमा पेन्सिलीने लिहिल्या. सगळ्यांची बेरीज केली, बाराने भागली आणि आलेला आकडा दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायला लागले. बेरीज पाहून पोटात गोळा आला, कारण हे सगळे पैसे दर वर्षी जातच होते आणि मी त्यांना अचानक आलेला खर्च म्हणत होते. पहिल्या वर्षी अंदाज बराच चुकला. शिमग्यात पालखी घरी आल्यावर किती माणसं जेवतील हे मी निम्मंच धरलं होतं. दुसऱ्या वर्षी आकडे सुधारले.

तरीही 80,000ची बाकी नुसत्या काटकसरीने हलली नसती. साडेतीन टक्क्यांचं ते व्याज आधी थांबवायला हवं होतं. मी माझ्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या. वर्षाला बारा टक्के दर पडला, म्हणजे तेवढ्याच रकमेवर महिन्याला 800 रुपये. 3,304च्या जागी 800. आलेल्या पैशांत कार्ड पूर्ण भरलं. ही गोष्ट पहिल्याच वर्षी करता आली असती. केली नाही, कारण पाटल्या हातात दिसल्या नाहीत तर माहेरी काय वाटेल याची मला भीती होती. माहेरी गेले तेव्हा आईने विचारलंच. मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "सोनं त्याच्यासाठीच असतं. सोडवायची तारीख विसरू नको." सोनेतारणात खरा धोका तोच आहे. कार्डाची वाचलेली रक्कम जर पुन्हा घरखर्चात मुरली, तर सोनंही जातं आणि कार्डही भरतं. म्हणून कार्डाला जात होते ते 4,000 मी एकाही महिन्यात कमी केले नाहीत, फक्त भरायची जागा बदलली.

पाटल्या आता घरी आल्या आहेत. स्लॅबचं कर्ज थोडं राहिलं आहे. मोसमी खर्चाच्या खात्यात या वेळी गणपतीसाठी धरलेल्या रकमेतून काही शिल्लक राहिली, तिचं काय करायचं यावरून घरात रोज बोलणं चालू आहे. ह्यांचं म्हणणं, ती कर्जात भरून हप्ते कमी करू. मी म्हणते, खात्यातच राहू दे. पुढच्या मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे आणि त्यानंतर जून-जुलैची बंदी आहे.